बीमचं वजन कुठल्या टोकाला किती? रिअॅक्शन काढायची साधी रीत

आपल्याकडची मराठी मीडियमची पोरं एसएसएलसी (दहावी) करून डिप्लोमाला गेली की मेकॅनिक्समध्ये लवकरच ह्या बीमशी गाठ पडते. एक आडवी रेघ, डाव्या टोकाखाली त्रिकोण, उजव्या टोकाखाली गोल, वरून दोन-तीन बाण, आणि प्रश्न काय तर दोन्ही सपोर्टच्या रिअॅक्शन काढा. इंग्लिश नवीन, सरांचं शिकवणं अर्धं इंग्लिश अर्धं कन्नड, मग पोरगं काय करतंय, तर फॉर्म्युला पाठ करून मोकळं होतंय. एक लोड असला की उत्तर बरोबर येतंय, दोन लोड आले की डोकं खाजवतंय, आणि भिंतीसारखं पसरलेलं वजन आलं की सरळ पुढच्या प्रश्नावर उडी. खरं म्हणजे ह्यात पाठ करायचं काहीच नाही, बेरीज, गुणाकार, भागाकार, बस्स. फक्त काय चाललंय ते एकदा डोळ्यासमोर यायला पाहिजे.

दोन भिंतींवर एक लोखंडी गर्डर टेकवून ठेवलाय असं धरा, हाच आपला बीम, आणि भिंती म्हणजे सपोर्ट. गर्डरवर वजन ठेवलं की गर्डर भिंतींना खाली दाबतो, आणि भिंती तेवढ्याच जोराने गर्डरला वर ढकलतात. ह्या वर ढकलण्यालाच रिअॅक्शन म्हणायचं. भिंत काय हालताना दिसत नाही म्हणून ती काही करत नाही असं वाटतं, पण ती जोर लावते म्हणूनच गर्डर जाग्यावर राहिलाय की. दोन्ही भिंतींचा जोर मिळून वरच्या सगळ्या वजनाएवढा झाला पाहिजे, कमी पडला तर गर्डर खाली येईल, जास्त झाला तर वर उडेल, आणि दोन्ही होत नाही म्हणजे हिशोब बरोबर जुळलेला आहे. इथपर्यंत सगळ्यांना कळतंय.

पुढचा प्रश्न, कुठली भिंत किती घेते. दोघांनी खांद्यावर बांबू घेऊन मध्ये पोतं अडकवून नेलं असेल तर ह्याचं उत्तर तुमच्या खांद्याला आधीच माहीत आहे, पोतं ज्याच्याकडं सरकलं त्याचा खांदा दुखतो. गणितात आपण एवढंच काढायचं, की किती सरकलं तर किती दुखतो.

घरावरची टाकी घेऊया. हजार लिटरची टाकी भरली की पाणीच हजार किलो, टाकीचं स्वतःचं वजन सोडून देऊ. खाली दोन गर्डर आहेत म्हणजे एका गर्डरवर पाचशे किलो. इंजिनिअरिंगमध्ये किलो चालत नाही, किलोन्यूटन लागतंय, पण घाबरू नका, शंभर किलो म्हणजे जवळजवळ एक किलोन्यूटन (नेमकं ०.९८१) एवढं धरलं तर घरगुती हिशोबाला पुरे. म्हणजे गर्डरवर ५ किलोन्यूटन. दोन भिंतींमधलं अंतर ४ मीटर, आणि टाकीचा मध्य डाव्या भिंतीपासून १ मीटरवर. डाव्या टोकाला अ म्हणू, उजव्याला ब.

आता खरी युक्ती. अ टोकावर एक बिजागरी आहे आणि सगळा गर्डर तिच्याभोवती दरवाजासारखा फिरू शकतो असं मनात धरायचं. टाकी गर्डरला खाली फिरवायला बघते. किती जोराने, तर वजन गुणिले अंतर, ५ × १ = ५. ह्यालाच मोमेंट म्हणतात, युनिट किलोन्यूटन-मीटर. ब ची भिंत गर्डरला उलटं, वर फिरवायला बघते, तिचा जोर गुणिले तिचं अंतर, म्हणजे ब × ४. गर्डर फिरत नाही, म्हणजे दोन्ही सारखे. ब × ४ = ५, म्हणून ब = १.२५. आणि एकूण ५ पैकी उरलेलं ३.७५ अ कडं. झालं. टाकी एक चतुर्थांश अंतरावर ठेवली तर जवळची भिंत तीन भाग घेते, लांबची एक भाग.

मग अ च्या जोराचं काय झालं, तो फिरवायच्या हिशोबात का नाही घेतला, असं कुणीतरी विचारतंयच, आणि विचारायलाच पाहिजे कारण सगळी मेख तिथंच आहे. अ चा जोर बिजागरीवरच लागतोय, त्याचं अंतर शून्य, आणि कशालाही शून्याने गुणलं की शून्य. दरवाजा बिजागरीजवळ कितीही ढकला, फिरत नाही ना, तसंच. आपल्याला दोन गोष्टी माहीत नाहीत, अ आणि ब. ज्या टोकावर उभं राहून मोमेंट घेतली त्या टोकाचा आकडा आपोआप गायब होतो आणि एकच अज्ञात उरतं. म्हणून मोमेंट नेहमी सपोर्टवर उभं राहूनच घ्यायची. गर्डरच्या मध्यावर उभं राहून घेतली तरी चूक नाही हो, पण दोन्ही अज्ञात समीकरणात शिल्लक राहतात आणि उगाच काम वाढतं. हे एकदा पटलं की फॉर्म्युल्याची गरजच उरत नाही, लोड दोन असू देत नाहीतर दहा, प्रत्येकाचं वजन गुणिले अंतर करून बेरीज मारायची, एकूण लांबीने भागायचं, लांबच्या टोकाचं उत्तर हातात.

त्रिकोण आणि गोल कशाला ते पण सांगतो. त्रिकोण म्हणजे हिंज, टोक फिरू शकतं पण सरकू शकत नाही. गोल म्हणजे रोलर, फिरू पण शकतं आणि आडवं सरकू पण शकतं. बेळगावात कुठल्याही रेल्वे ओव्हरब्रिजखाली जरा थांबून वर बघा, खांबाच्या डोक्यावर गर्डर थेट टेकवत नाहीत, मध्ये बेअरिंग असतं, बऱ्याच ठिकाणी काळ्या रबराचे जाड पॅड, त्यांच्या पोटात स्टीलचे पत्रे. लोखंड आणि काँक्रीट तापलं की वाढतं म्हणून ही सोय. वीस मीटरचा स्टीलचा गर्डर घ्या, पहाटेचा गारठा आणि एप्रिलच्या दुपारचं तापलेलं लोखंड ह्यात तीस डिग्रीचा फरक धरा, तर गर्डर साधारण ७ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर ही वाढ कुठंतरी ढकलत बसणार, एक टोक मोकळं असलं की काही होत नाही. हिशोबाच्या दृष्टीने पण ते बरं, कारण आडवा जोर आला तर तो एकटा हिंज घेतो, रोलरवर फक्त उभा. समजा १० किलोन्यूटनचा बाण तिरका आलाय आणि त्याचे भाग पाडल्यावर उभा ८, आडवा ६ निघाला, तर ६ सरळ हिंजच्या नावावर टाकायचे आणि ८ ची वाटणी वर केली तशीच करायची. पोरं तिरक्या बाणाला उगाच घाबरतात.

पसरलेलं वजन, म्हणजे यूडीएल. भिंत, स्लॅब, गर्डरचं स्वतःचं वजन, हे एका बिंदूवर नसतं, मीटरभर लांबीला इतकं असं असतं. रिअॅक्शन काढताना ते सगळं गोळा करून त्याच्याच मध्यावर एकच बाण मारायचा. त्याच्याच मध्यावर म्हणतोय मी, बीमच्या मध्यावर नव्हे, परीक्षेत निम्मी पोरं इथं घसरतात. भिंत डावीकडच्या तीन मीटरवरच असेल तर बाण दीड मीटरवर, बीम मग पाच मीटरचा असो नाहीतर पन्नास. त्रिकोणी लोड असला, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाकडं वाढत गेलेला, तर एकूण वजन आयताच्या निम्मं आणि बाण जाड बाजूपासून एक तृतीयांशावर. (हे गोळा करणं फक्त रिअॅक्शनपुरतंच बरं का, बीम किती वाकतोय, आत मोमेंट किती येतेय ते काढताना वजन परत पसरवायचं, नाहीतर उत्तर भलतंच येईल.)

आणि बीम म्हणजे आडवा आणि वजन म्हणजे वरूनच असं काही नाही. निपाणी-चिकोडीकडं वेदगंगा-दूधगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पाऊस संपला की त्यांच्यात बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. दोन खांबांच्या खाचांमध्ये टेकलेला प्रत्येक बरगा हा पक्का सिंपली सपोर्टेड, म्हणजे दोन टोकांवर नुसता टेकलेला, बीम आहे, फक्त लोड बाजूने, पाण्याचा. समजा खाचांमधलं अंतर २ मीटर, बरगा अर्धा मीटर उंच आणि त्याचा मध्य पाण्याखाली २ मीटरवर. तिथं पाण्याचा दाब चौरस मीटरला जवळजवळ २० किलोन्यूटन, म्हणजे बरग्याच्या एका मीटरला १०, सगळा मिळून २०, आणि सगळं दोन्हीकडं सारखं असल्यामुळं प्रत्येक खाचेवर १०. म्हणजे एका बरग्याच्या एका टोकाला टनभर जोर! पाण्याने भरलेल्या बंधाऱ्याचा खालचा बरगा हाताने उपसून निघत नाही त्याचं कारण हेच, खाचेत तो एवढ्या जोराने दाबलेला असतो की घर्षणच सोडत नाही.

आता एक जरा भरल्या ताटाचं उदाहरण करूया, शहापूर नाहीतर खडेबाजारातल्या जुन्या दुकानात सर्रास होतंय तसलं. मधली भिंत काढून दुकान मोठं करायचं, वरची भिंत तोलायला गर्डर घालायचा. गर्डर ५ मीटर. वर डाव्या टोकापासून ३ मीटरपर्यंत विटेची भिंत, प्लास्टर धरून २५ सेंटीमीटर जाड, १.६ मीटर उंच. विटेच्या बांधकामाचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरतात, म्हणून एका मीटरला ०.२५ × १.६ × २० = ८, तीन मीटरला २४ किलोन्यूटन, बाण १.५ मीटरवर. शिवाय मागच्या खोलीचा एक आडवा जॉइस्ट (छोटा बीम) गर्डरवर येऊन टेकतोय, त्याचे १० किलोन्यूटन, डावीकडून ४ मीटरवर. गर्डरचं स्वतःचं वजन बरेच जण विसरतात, अडीचशेचा आय सेक्शन, म्हणजे २५० मिलिमीटर उंच आणि कापला तर इंग्लिश I सारखा दिसणारा गर्डर, मीटरला ३७ किलोच्या आसपास भरतो, आपण मीटरला ०.४ किलोन्यूटन धरू, पाच मीटरचे २, बाण मध्यावर, २.५ वर.

अ वर उभं राहा. भिंत २४ × १.५ = ३६. जॉइस्ट १० × ४ = ४०. गर्डर २ × २.५ = ५. बेरीज ८१. ब × ५ = ८१, म्हणून ब = १६.२. एकूण वजन ३६, म्हणून अ = १९.८.

इथं थांबू नका. अ आपण वजाबाकीने काढला, म्हणजे ब चुकला असला तर अ पण चुकणार आणि बेरीज मात्र झकास ३६ येणार, त्यामुळं बेरीज जुळली म्हणून खुश होण्यात अर्थ नाही. खरा ताळा म्हणजे ब वर जाऊन उभं राहायचं आणि सगळं उलट अंतराने परत करायचं. भिंत २४ × ३.५ = ८४, जॉइस्ट १० × १ = १०, गर्डर ५, बेरीज ९९, भागिले ५, १९.८. जुळलं. ह्याला अर्धा मिनिट लागत नाही आणि परीक्षेत मार्क, साइटवर भिंत, दोन्ही वाचतात.

भिंत कशी वाचते तेही बघा, कारण रिअॅक्शन काढायची ती वहीत लिहायला नव्हे. अ टोकाला १९.८ किलोन्यूटन, म्हणजे दोन टन, जुन्या भिंतीवर येणार. अडीचशेच्या आय सेक्शनची रुंदी १२५ मिलिमीटर, भिंतीत १५० मिलिमीटर आत घुसवला तर टेकण्याची जागा १८,७५० चौरस मिलिमीटर. १९,८०० न्यूटन भागिले तेवढं, म्हणजे चौरस मिलिमीटरला एक न्यूटनच्या थोडं वर. साध्या विटेच्या जुन्या भिंतीला हे जड जातंय, तिला साधारण ह्याच्या निम्म्यापर्यंतच ताण द्यावा. म्हणून टोकाखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक घालतात, ३०० बाय २३० चा घातला की जागा ६९,००० होते आणि ताण ०.२९ वर येतो. गर्डर भला मोठा आणून थेट विटेवर ठेवला आणि वर्षभरात टोकाखाली तिरकी भेग पडली, असं जुन्या बाजारात हिंडलात तर दिसेल. गर्डर बिचारा चांगलाच असतो, त्याच्या टोकाखालचा हिशोब कुणी केलेला नसतो. खानापूर भागात जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती असतात, तिथं तर चिरा चिऱ्यासारखा नसतो, त्यामुळं बेड ब्लॉकला पर्यायच नाही.

उद्यमबागला ज्यांचे कुणी कामाला आहेत त्यांनी शेडमधली ओव्हरहेड क्रेन बघितली असेल. क्रेनचा आडवा पूल म्हणजे पण दोन टोकांवर टेकलेला बीमच, पण त्यावरचं वजन हिंडतं. पूल १० मीटरचा, त्याचं स्वतःचं वजन २० किलोन्यूटन, आणि हुकाला पाच टन, म्हणजे ५० किलोन्यूटन. ट्रॉली, म्हणजे हूक घेऊन पुलावर फिरणारी गाडी, मध्यावर असली की प्रत्येक बाजूला १० अधिक २५, म्हणजे ३५. ट्रॉली डाव्या टोकापासून १ मीटरवर आली की डावीकडं ५० × ९ ÷ १० = ४५ अधिक १०, म्हणजे ५५, आणि उजवीकडं फक्त १५. ओझं तेवढंच, पण डाव्या खांबांच्या वाट्याला पस्तिसाचे पंचावन्न झाले. म्हणून शेडचे खांब डिझाइन करताना हूक कडेला किती जवळ येऊ शकतो हे पहिलं विचारतात. मधोमध वजन असताना बीम जास्त वाकतो, पण सपोर्टला जास्त त्रास कडेला होतो, ह्या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही.

उत्तर मायनस आलं की पोरं खोडरबर शोधतात. थांबा जरा. समजा बीमचे सपोर्ट ४ मीटरवर आहेत आणि उजवीकडं बीम आणखी दीड मीटर बाहेर गेलाय, गच्चीच्या सज्जासारखा, आणि त्या बाहेरच्या टोकाला ८ किलोन्यूटन. अ वर उभं राहून ब × ४ = ८ × ५.५ = ४४, ब = ११. वजन आठच आणि ब वर अकरा! म्हणजे अ वर ८ − ११ = −३. हे चुकलेलं नाही, अ टोक वर उचलायला बघतंय आणि भिंतीने त्याला खाली धरून ठेवायला पाहिजे असं गणित सांगतंय. नुसतं टेकवून ठेवलेलं टोक खाली धरलं जात नाही, तिथं बोल्ट लागतो नाहीतर वर तेवढं वजन लागतं. मायनस म्हणजे आपण धरलेली दिशा उलटी होती एवढंच.

एक विचित्र प्रकार राहिला, बीमवर नुसती मोमेंट, वजन काहीच नाही. गर्डरला बाजूला ब्रॅकेट काढून त्यावर काहीतरी टांगलं की टांगलेलं वजन तर येतंच, वर अशी मोमेंट पण येते. ६ मीटरच्या बीमवर १२ ची मोमेंट असेल तर रिअॅक्शन १२ ÷ ६ = २, एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला खाली, दोन्हीची बेरीज शून्य. ती मोमेंट बीमवर कुठं लावली ह्याने रिअॅक्शनमध्ये काडीचा फरक पडत नाही, त्यामुळं तिला परत अंतराने गुणायला जाऊ नका.

आता ही रीत कुठं संपते ते. दोन सपोर्ट आहेत तोवरच ही चालते. बीम मध्ये लचकतोय असं वाटलं की आपले लोक काय करतात, मधोमध एक पाइप नाहीतर खांब देतात ठेवून. सपोर्ट तीन झाले, अज्ञात तीन झाले, आणि उभ्या जोरांची आपल्याकडं समीकरणं दोनच, एक वजनाच्या बेरजेचं, एक फिरण्याचं. मग बीम किती वाकतो हे हिशोबात धरावं लागतंय, ते पुढच्या वर्षाचं काम. पण उत्तर सांगून ठेवतो, कारण ते कुणाच्या अंदाजात नसतं. एकसारखं पसरलेलं वजन, मधोमध तिसरा टेकू, तिन्ही आधार एकाच पातळीत आणि न खचणारे, असं असलं तर एकूण वजनाचे ६२.५ टक्के एकटा मधला खांब घेतो आणि कडेच्यांना १८.७५ टक्के प्रत्येकी. तिघांत सारखी वाटणी नाही, मधल्याला निम्म्याहून जास्त. म्हणून त्या खांबाखाली नुसती फरशी असून भागत नाही, पाया लागतो.

वर आणखी एक गंमत. हे ६२.५ टक्के तेव्हाच, जेव्हा खांब वजन यायच्या आधीपासून आहे. बीम आधीच वाकलेला असताना खाली खांब नुसता चिकटवून उभा केला तर जुन्या वजनातलं त्याच्याकडं काहीच येत नाही, ते सगळं अजून दोन टोकांवरच असतं. पुढं जे नवीन वजन पडेल त्यातलंच तो घेणार. जुनं पण त्याच्यावर आणायचं असेल तर जॅक लावून बीम थोडा उचलायचा, मग खांब बसवून फट पाचरीने गच्च करायची आणि मगच जॅक सोडायचा.